फ्रेंचमध्ये प्रश्न कसा विचारायचा? 'त्यू व्हियँ', 'एस्क त्यू व्हियँ' की 'व्हियँ-त्यू'?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. कॅनडाला जायचंय, त्यासाठी टीईएफ कॅनडा या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी करते आहे. व्याकरण बऱ्यापैकी झालंय, पण प्रश्न विचारायची वेळ आली की कुठलं रूप वापरावं हे पटकन ठरत नाही. 'तू येतोयस का?' एवढं साधं वाक्य घ्या. पुस्तकात त्याची तीन रूपं आहेत. 'त्यू व्हियँ?' म्हणजे सरळ वाक्य, फक्त शेवटी आवाज चढवायचा. 'एस्क त्यू व्हियँ?' म्हणजे त्याच वाक्याच्या पुढे 'एस्क' लावायचं. आणि 'व्हियँ-त्यू?' म्हणजे क्रियापद आधी, सर्वनाम नंतर. (उच्चार देवनागरीत अंदाजे लिहितेय, सांभाळून घ्या.) पहिलं अनौपचारिक, दुसरं सर्वसाधारण, तिसरं औपचारिक, असं खाली लिहिलंय.

हे पाठ झालंय. पण फ्रेंच मुलाखती ऐकायला बसलं की समोरच्याला 'व्हू' (तुम्ही) म्हणणारे निवेदकसुद्धा मध्येच सरळ वाक्याने प्रश्न टाकतात. मग औपचारिक म्हणजे नक्की काय? परीक्षेच्या तोंडी भागात सुरुवातीची पाच मिनिटं एका जाहिरातीबद्दल फोनवर चौकशी करायची असते, म्हणजे सगळा प्रश्नांचाच मामला. त्यानंतरची दहा मिनिटं मित्राला एखादी गोष्ट पटवायची. पहिल्या भागात 'व्हू', दुसऱ्यात 'त्यू' (तू). पहिल्या भागात सगळे प्रश्न उलट्या रचनेतच विचारायचे का? जाणकारांनी कृपया सांगावं.


खडूफळा

चांगला धागा. मी पुण्यात बरीच वर्षं फ्रेंच शिकवते. हा प्रश्न दर बॅचमध्ये येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी 'एस्क'बद्दल. हा तुकडा मुळात 'से क' (असं आहे की) याचाच उलटा केलेला आहे: 'एस क', म्हणजे 'असं आहे का, की...'. जी उलटापालट करायची ती या तुकड्यात आधीच होऊन गेली आहे. त्यामुळे पुढचं वाक्य जसंच्या तसं सरळ राहतं. 'एस्क व्हियँ-त्यू' हे चूक आहे ते याचसाठी, एका प्रश्नात उलटापालट एकदाच. बारावीच्या पेपरांपासून बी२ या वरच्या पातळीपर्यंत ही चूक मला दिसते.

आता मराठी माणसाला 'एस्क' फार लवकर जमतं, कारण आपल्याकडे 'का' आहेच. 'तू येतोयस' हे विधान, त्याला 'का' लावला की प्रश्न, बाकी शब्द जागचे हलत नाहीत. फ्रेंचमध्ये तो तुकडा पुढे लागतो, इतकाच फरक. ज्यांचं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालंय ती मुलं मात्र हमखास क्रियापद उचलून पुढे ठेवतात. 'तुमचा भाऊ आला आहे का?' याचं ते 'ए व्होत्र फ्रेर आरिव्हे?' करतात. हे फ्रेंच नाही. कर्ता नाम असेल तर हो-नाही प्रश्नात त्याला क्रियापदाच्या मागे नेता येत नाही. नाम पुढेच ठेवायचं आणि त्याचं सर्वनाम मागून जोडायचं: 'व्होत्र फ्रेर ए-तिल आरिव्हे?' शब्दशः 'तुमचा भाऊ, आहे-तो आलेला?' बोलताना एवढी कसरत कोणी करत नाही, 'एस्क व्होत्र फ्रेर ए तारिव्हे?' म्हणून मोकळं व्हायचं.

परीक्षेबद्दल माझं स्पष्ट मत: उलटी रचना यायलाच हवी. सगळे प्रश्न तसे विचारायची गरज नाही, पण दोन-चार तरी चोख यायला हवेत. तुमच्याकडे किती प्रकारची रचना आहे हे परीक्षक ऐकत असतो.


लियोंकाठी

खडूफळा यांच्या व्याकरणाबद्दल प्रश्नच नाही, पण शेवटच्या मुद्द्याला माझा थोडा विरोध आहे. मी फ्रान्समध्ये लियोंला राहतो, कामाची भाषा फ्रेंचच आहे. इथे दिवसभरात कानावर पडणारे प्रश्न लिहितो, मग तुम्हीच ठरवा.

उपाहारगृहात शिरलं की: 'व्हूझेत कोंबियँ?' (किती जण आहात?) आरक्षण असेल तर: 'से ता केल नों?' (कोणत्या नावाने?) थोड्या वेळाने वेटर येतो: 'व्हूझाव्हे श्वाझी?' (ठरलं का तुमचं?) पावाच्या दुकानात एक वस्तू दिली की पुढचा प्रश्न 'ए आव्हेक ससी?' (आणि याच्यासोबत?), मग 'स स्रा तू?' (एवढंच ना?) आणि पैसे देताना 'व्हू पेये पार कार्त?' (कार्डाने देणार का?) कुठल्या कार्यालयात फोन लावला आणि साहेबांना जोडून द्या म्हटलं, तर पलीकडची बाई विचारते: 'से द ला पार द की?' (कोणाकडून म्हणून सांगू?)

यातलं एकही वाक्य उलटं नाही. 'किती', 'कोणतं नाव', 'कोणाकडून' हे प्रश्नवाचक शब्द तर वाक्याच्या शेवटी आहेत, म्हणजे पुस्तकाच्या हिशोबाने सगळ्यांत घरगुती रचना. पण यात उद्धट असं काहीही नाही. ही गिऱ्हाइकाशी बोलायची नेहमीची अदबशीर भाषा आहे.

माझा मुद्दा असा की पुस्तकं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. वाक्याची रचना ही एक आणि समोरच्याला दिलेला मान ही दुसरी. मान 'व्हू'मध्ये आहे, 'पुरिये' (शकाल का) अशा क्रियापदाच्या रूपात आहे, आणि सगळ्यांत आधी 'बोंझूर'मध्ये आहे. 'बोंझूर' न म्हणता स्टेशनवर एखाद्याला नितांत सुंदर उलट्या रचनेत 'गाडी कुठून सुटते' विचारलंत, तर तो तुम्हाला आधी थंडपणे 'बोंझूर' म्हणेल आणि मगच उत्तर देईल. उलट 'बोंझूर, एक्स्क्यूझे-म्वा, ला गार, से पार ऊ?' (स्टेशन कुठल्या बाजूला?) असं अगदी साध्या रचनेत विचारलंत तर माणूस थांबून हात दाखवून रस्ता समजावतो.

दुसऱ्या बाजूने पाहा. 'क व्हऽ-त्यू?' (तुला काय हवंय?) यात रचना उलटी, पुस्तकी, पण 'त्यू' असल्यामुळे अनोळखी माणसाला हे चालणार नाही. आणि 'व्हू व्हूले क्वा?' (तुम्हाला काय हवंय?) यात 'व्हू' आहे, पण काउंटरवर कोणी असं म्हटलं तर आपल्याकडच्या 'काय पाहिजे?' इतकं तुटक वाटतं.


रानजाई

लियोंकाठी, हे वाचून खूप मोकळं वाटलं. मी ए२ च्या (सुरुवातीच्या पातळीच्या) वर्गात आहे. एक विचारू का? तुम्ही 'व्हूझेत कोंबियँ' अदबशीर म्हणता आणि 'व्हू व्हूले क्वा' तुटक. दोन्हीत प्रश्नवाचक शब्द शेवटीच आहे. मग फरक कशामुळे?


लियोंकाठी

चांगलं पकडलंत. माझ्या मते दोन कारणं आहेत. 'किती जण' हा ठरलेला, कामापुरता प्रश्न आहे. त्यात समोरच्याच्या इच्छेला हात लागत नाही. 'काय हवंय' या प्रश्नात लागतो, म्हणून तिथे मऊ शब्द लागतात: 'व्हू देझिरे?' हेही सरळच वाक्य, पण 'हवं असणे'ऐवजी 'इच्छा असणे' आलं की सूर बदलतो. दुसरं कारण खुद्द 'क्वा'. तो शब्दच जरा आपटल्यासारखा येतो. ऐकू आलं नाही म्हणून लहान मूल 'क्वा?' म्हणालं की फ्रेंच आईबाप लगेच 'कॉमाँ' म्हणायला सांगतात. मोठ्यांनी 'पार्दों?' म्हणावं.


खडूफळा

लियोंकाठी यांच्याशी मी बरीचशी सहमत आहे. 'मान' आणि 'रचना' वेगळ्या हे मीही वर्गात सांगते, आणि मराठी मुलांना ते चटकन कळतं, कारण 'तू कुठे राहतोस', 'तुम्ही कुठे राहता', 'आपण कुठे राहता' यात आपला वाक्याचा सांगाडा बदलतच नाही.

पण रस्त्यावर काय ऐकू येतं एवढ्यावर शिकणाऱ्याने थांबू नये. लेखी फ्रेंचमध्ये उलटी रचना जिवंत आहे. वर्तमानपत्रांचे मथळे पाहा: 'फो-तिल...?' (...करावं का?), 'पतों...?' (...करता येतं का?). बाकालोरेआच्या (फ्रान्समधल्या शालान्त परीक्षेच्या) तत्त्वज्ञानाच्या पेपरातले विषयही याच साच्यात असतात. सरकारी कार्यालयाला ईमेल लिहिताना 'पुरिये-व्हू मँदिके ले प्येस आ फुर्नीर?' (कोणती कागदपत्रं द्यायची ते सांगू शकाल का?) असंच लिहायचं. तिथे 'एस्क' चालून जातं, पण 'व्हू पुव्हे...?' असं नुसतं सरळ वाक्य लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं तर पत्र कच्चं वाटतं.

बोलण्यातही ती पूर्ण गेलेली नाही. 'कॉमाँताले-व्हू?' (कसे आहात?) रोज ऐकू येतं. 'काँ पाँसे-व्हू?' (तुमचं काय मत?) सभेत, बैठकीत सर्रास. पुस्तकातलं 'केलर ए-तिल?' (किती वाजले?) मात्र बोलताना कमी आणि 'इल ए केलर?' जास्त. म्हणजे कुठली वाक्यं उलटी बोलली जातात हे वाक्यागणिक शिकावं लागतं.

आणि एक खास मुद्दा, प्रथमपुरुषाचा. 'मी करू शकतो का' याचं उलटं रूप 'प्वीझ'. 'झ पऽ'ला ('झ' म्हणजे मी) नुसतं उलटून 'पऽ-झ' होत नाही, तिथे जुनं 'प्वी' परत येतं. 'द्वा-झ' (मला करायला हवं का), 'ए-झ' (माझ्याकडे आहे का), 'स्वी-झ' (मी आहे का) ही रूपं चालतात. बहुतेक इतर क्रियापदांचं 'झ'बरोबर उलटं रूप कोणी वापरत नाही, ऐकायला विचित्र लागतं. तिथे गुपचूप 'एस्क झ...'. फ्रेंच लेखक मॉन्तेन्यचं 'क से-झ?' (मला काय ठाऊक आहे?) हे बोधवाक्य सगळ्यांना माहीत असतं, म्हणून विद्यार्थ्यांना वाटतं की 'झ' कुठेही मागे लावता येतो. तसं नाही.


मुद्रितशोधक

मी अनुवादाचं आणि मजकूर तपासण्याचं काम करतो, त्यामुळे लिखाणातली एक बाब सांगतो. स्वराने संपणाऱ्या क्रियापदानंतर 'इल' (तो), 'एल' (ती) किंवा 'ओं' (आपण) आलं की मध्ये एक 'त' घालावा लागतो: 'आ-तिल', 'पार्ल-तेल', 'व्हा-तों'. हा 'त' दोन्ही बाजूंनी छोट्या आडव्या रेघेने जोडतात. त्यापुढे वरचा स्वल्पविराम देऊ नये. 'या-तिल' (तिथे आहे का) हे चुकीचं लिहिलेलं तर फ्रेंच लोकांच्या स्वतःच्या ईमेलमध्येही पदोपदी दिसतं. वरचा स्वल्पविराम 'व्हा ताँ' (चालता हो) या वाक्यात बरोबर, कारण तिथला 'त' म्हणजे 'त्यू'चं कर्मरूप आहे. प्रश्नातल्या 'त'ला अर्थच नाही, तो दोन स्वरांच्या मधे नुसता आवाजासाठी आला आहे.

आला कुठून हेही लक्षात ठेवण्यासारखं. 'ए-तिल', 'दी-तिल', 'फॅ-तिल' या क्रियापदांच्या अंती लेखनात 'त' आहेच, सर्वनाम मागे आलं की तो उच्चारात जागा होतो. या असंख्य रूपांच्या बरोबरीने, ज्यांच्या अंती 'त' नव्हता त्या क्रियापदांनीही तो उचलला. 'प्राँ-तिल' (तो घेतो का) मध्ये लिहायला 'द' आहे पण उच्चार 'त'च होतो, म्हणून तिथे वेगळा 'त' घालायचा नाही.


हिमवाट

माँत्रेआलहून (क्वेबेक प्रांत, कॅनडा) लिहितेय. गोदाकाठ कॅनडाला यायचं म्हणताहेत म्हणून हे सांगायलाच हवं. क्वेबेकमध्ये आलात तर वरचे नियम थोडे बाजूला ठेवून कान उघडे ठेवा.

इथे हो-नाही प्रश्नात क्रियापदाच्या मागे 'त्यू' लागतो, आणि तो 'तू' या अर्थाचा नसतो. 'से-त्यू लवँ?' म्हणजे 'लांब आहे का?' 'ओनिव्हा-त्यू?' म्हणजे 'निघायचं का?' 'इल प्लऽ-त्यू?' म्हणजे 'पाऊस पडतोय का?' आणि 'तुला हवंय का?'ला 'त्यू व्हऽ-त्यू?', ज्यात पहिला 'त्यू' माणूस आणि दुसरा नुसता प्रश्नाचा. इथल्या उच्चारात हा 'त्यू' 'त्स्यू'सारखा ऐकू येतो, त्यामुळे नवख्याला सुरुवातीला काही सुधरत नाही.

मुद्रितशोधक यांनी सांगितलेल्या 'त'शी याचा थेट संबंध आहे. बोलीत 'इल'मधला 'ल' गळायचा, म्हणून 'आ-तिल'चं 'आ-ती' झालं. मग लोकांना 'ती' हाच प्रश्नाचा प्रत्यय वाटू लागला आणि तो कुठल्याही कर्त्याला जोडला जाऊ लागला. फ्रान्सच्या ग्रामीण बोलींतही हा 'ती' होता. क्वेबेकमध्ये त्याचा 'त्यू' झाला आणि तो आजही जोरात आहे. मला हा प्रत्यय मनापासून आवडतो, कारण आपला 'का' जिथे बसतो त्याच बाजूला, क्रियापदाच्या मागे, तो बसतो. कामाच्या ठिकाणी, बसमध्ये, शेजाऱ्यांशी बोलताना तो रोज ऐकाल. औपचारिक पत्रात मात्र लिहायचा नाही, आणि 'कुठे', 'कधी' अशा शब्दांबरोबर तो लागत नाही.

आणखी एक: फ्रान्समध्ये बोलण्यातून मागे पडलेली उलटी रचना इथे 'तू'च्या बाबतीत अगदी घरगुती आहे. 'आ-त्यू फँ?' (भूक लागलीय का?), 'व्हऽ-त्यू अँ काफे?' (कॉफी हवीय का?) हे आई मुलाला म्हणते. म्हणजे 'उलटी रचना म्हणजे औपचारिक' हे समीकरण समुद्र ओलांडला की लागू पडत नाही.


रानजाई

हिमवाट, हे तर आमच्या वर्गात कोणीच सांगितलं नव्हतं!

'कुठे', 'काय' यांच्याबद्दल पण कोणी लिहाल का? मी 'क त्यू फॅ?' (काय करतोयस?) असं लिहिलं होतं तर बाईंनी लाल शाईने खोडलं.


खडूफळा

'क' (काय) हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. त्याला लगेच क्रियापद चिकटून हवं: 'क फॅ-त्यू?' किंवा 'एस्क' हवं: 'केस्क त्यू फॅ?' आणि शेवटी न्यायचा असेल तर त्याचा 'क्वा' होतो: 'त्यू फॅ क्वा?' 'क त्यू फॅ' या तिन्हींत बसत नाही, म्हणून खोडलं.

'कुठे'ला जास्त मोकळीक आहे. 'ऊ आबित-त्यू?' (कुठे राहतोस?), 'ऊ एस्क त्यू आबित?', 'त्यू आबित ऊ?', 'ऊ त्यू आबित?' चारही चालतात. शेवटची दोन बोलण्यातली. 'ऊ से क त्यू आबित?' हेही कानावर येईल, पण ते गावठी समजलं जातं, समजून घ्या आणि वापरू नका. 'पुर्क्वा' (का, कशासाठी) शक्यतो पुढेच ठेवा. आणि कर्ता नाम असेल तर 'कुठे'बरोबर 'ऊ आबित व्होत्र फ्रेर?' असं थेट उलटता येतं, पण 'पुर्क्वा'बरोबर तसं होत नाही. तिथे 'पुर्क्वा व्होत्र फ्रेर ए-तिल पार्ती?' अशी सर्वनामाची जोड द्यावीच लागते.

आवाजाचंही लक्षात ठेवा. हो-नाही प्रश्न सरळ वाक्यात विचारला तर शेवट चढलाच पाहिजे, नाहीतर ते विधान होतं. 'कुठे', 'कधी' पुढे आले असतील तर आवाज चढवायची गरज नसते, शेवट खाली आला तरी प्रश्नच राहतो. आपली मुलं सगळेच प्रश्न चढवत नेतात.

अवांतर: नकारार्थी प्रश्नाला ('व्हू न व्हने पा?', येत नाही का?) 'हो, येतोय' म्हणायचं असेल तर 'वी' नव्हे, 'सी' म्हणायचं.


गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं सगळं वाचून फोनच्या भागासाठी सराव लिहिला आहे. जाहिरात भाड्याच्या घराची आहे असं धरलंय. कृपया तपासाल का?

'बोंझूर मादाम, झ व्हूझापेल ओ स्युझे द व्होत्र आनाँस. एस्क लापार्तमाँ ए तुझूर दिस्पोनिब्ल? केले ल ल्वाये? एस्क ले शार्ज सों कोंप्रीझ? या-तिल अँ पार्किंग? पुरिये-व्हू म दीर ऊ एस्क स त्रूव्ह ल मेत्रो? काँ एस्क झ पऽ व्हिझिते?' (तुमच्या जाहिरातीबद्दल फोन करतेय. घर अजून उपलब्ध आहे का, भाडं किती, इतर खर्च त्यातच धरलेत का, पार्किंग आहे का, मेट्रो कुठे आहे ते सांगाल का, घर कधी पाहता येईल?)


लियोंकाठी

छान जमलंय. 'केले ल ल्वाये?' (भाडं किती?) ही रचना घरी, दुकानात, कार्यालयात कुठेही चालते, ती बिनधास्त वापरा. बोलता बोलता 'ल ल्वाये, से कोंबियँ?' असंही विचारता येईल. विषय आधी ठेवायचा आणि प्रश्न मागून, ही इथली फार नैसर्गिक पद्धत आहे.


खडूफळा

दोन दुरुस्त्या. 'पुरिये-व्हू म दीर' (सांगू शकाल का) म्हटल्यावर प्रश्न तिथेच विचारून झाला. त्याच्या आत आता 'एस्क' येत नाही: 'पुरिये-व्हू म दीर ऊ स त्रूव्ह ल मेत्रो?' 'काय'च्या बाबतीत तर शब्दच बदलतो, आतमध्ये 'केस्क' नाही, 'स क' येतं. हो-नाही प्रश्न आत घालायचा असेल तर 'सी': 'झेमरे साव्हवार सी लापार्तमाँ ए मब्ले' (घर सामानासकट आहे का ते कळलं तर बरं होईल). या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्हही नसतं.

दुसरी दुरुस्ती उच्चाराची. 'काँ' आणि 'एस्क' तोडू नका. लिहिताना तिथे 'द' आहे, पण जोडून बोलताना 'काँतेस्क' ऐकू यायला हवं.

बाकी रचनांची मिसळण योग्य आहे. एक 'या-तिल', एक 'पुरिये-व्हू', एक 'केले', उरलेले 'एस्क'. हिमवाट यांनी सांगितलेला क्वेबेकचा 'त्यू' या औपचारिक फोनमध्ये आणू नका. आता फक्त हे सलग म्हणून टाकू नका, परीक्षक पलीकडून उत्तर देत असतो. त्याने भाडं सांगितलं की 'दाकोर' (ठीक आहे) म्हणा आणि त्याच उत्तराला धरून छोटा, सरळ प्रश्न टाका: 'ए ला कोसियों, से कोंबियँ?' (आणि अनामत किती?) तो म्हणाला की मेट्रो जवळ आहे, तर 'आ पिये?' (चालत?). मित्राच्या भागात जाल तेव्हा 'व्हू' पूर्ण सोडा, आणि पहिलंच वाक्य 'त्यू फॅ क्वा स वीकेंड?' (या शनिवार-रविवारी काय करतोयस?) असं येऊ द्या.